वरच्या घराचं पाणी

त्या रविवारी सकाळी कुमुदनं नळाखाली धरलेली कळशी तिच्या हातातून उडाली, मोरीच्या कठड्यावर आपटली आणि गडगडत स्वयंपाकघरात निघून गेली. पाणी तिच्या तोंडावर, पदरावर, चष्म्यावर. नळ असा खवळला होता की जणू पाइपात कोणीतरी जन्मभर तोंड दाबून बसलं होतं आणि आज त्याला वाचा फुटली होती. कुमुद दोन पावलं मागं सरली, आणि तिच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "कोण गेलं?" कारण अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या या घरात राहायला आल्यापासून तिला एक ठाऊक होतं. आपल्या नळाला जोर आला म्हणजे खालचं एखादं घर बंद आहे. लग्नाला तरी गेलेत नाहीतर मातीला तरी. लग्न असतं तर आदल्या दिवशी कळलंच असतं. ती तशीच ओलीचिंब खिडकीशी गेली. खाली सगळ्या घरांवर धूर होता, सुभेदारांची स्कूटर जागेवर होती, सगळ्यात खालच्या धोंडुबाईंच्या दारात रांगोळी दिसत होती. सगळे जिवंत होते आणि तरी पाणी येत होतं. हे काही तिच्या डोक्यात बसेना.

तेवढ्यात न्हाणीघरातून शरच्चंद्रांचा आवाज आला. आवाज म्हणजे गाणंच. घर बांधताना त्यांनी मोठ्या हौसेनं न्हाणीघरात शॉवर बसवून घेतला होता आणि इतकी वर्षं त्याच्यावर कुमुद पंचा वाळत घालत होती. आज त्या शॉवरखाली उभा राहून तिचा पन्नाशीतला नवरा नाट्यपदाची तान घेत होता आणि मध्येच ओरडत होता, "टाकी सुरू झाली, कुमुद! वरची टाकी!" तेव्हा तिच्या लक्षात आलं. डोंगराच्या कुशीत आणखी वर दोन पावसाळे टाकी बांधायचं काम चाललं होतं; जातायेता सिमेंटचं ते धूड दिसायचं, पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं या आळीत कोणी धरून चाललं नव्हतं. आजपासून पाणी खालून वर चढणार नव्हतं, वरून खाली उतरणार होतं. म्हणजे आता सगळ्यांनाच भरपूर. कोणी कोणासाठी थांबायचं नाही. लेक अपूर्वा उड्या मारत आली आणि गच्चीतला नळसुद्धा चालू आहे म्हणून सांगून गेली. घरात दिवाळीच होती, आणि कुमुद मोरीच्या कठड्यावर बसून पायांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होती. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण आनंदाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आत शिरलं होतं आणि त्याला जागा कुठं द्यावी ते तिला कळत नव्हतं.

काय चुकल्यासारखं वाटतंय हे तिला जरा वेळानं उमगलं. ठोके आले नव्हते. या आळीची रीत अशी की खालच्या बाईचं पाणी भरून झालं की तिनं नळ बंद करायचा आणि लोखंडी पाइपवर उलथन्यानं ठोकायचं; तो टणत्कार पाइपातून वरच्या घरात यायचा, की वरचीनं आपली भांडी लावायची. असं करत करत पाणी एकेक घर चढत शेवटी कुमुदकडे यायचं, दमलेलं, सुतळीएवढं. सगळ्यात वरचं घर तिचं. म्हणजे खालच्या साऱ्या घरांची मर्जी राखली तर तिची कळशी भरणार. एकीनं जरी अंगण धुवायला काढलं, एकीला जरी गोधड्या धुवायची हुक्की आली, तरी कुमुदनं आंघोळीवर पाणी सोडायचं, आणि तेही नसलेलं. तिच्या खालचं घर राजेश्वरीचं. मानसिंग सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन इथं स्थायिक झाले होते. मूळचे दुष्काळी माणकडचे, त्यामुळे पाणी बघितलं की त्या घराला भरून ठेवावंसंच वाटायचं. हंडे, पिंपं, घंगाळी, एकदा तर कुमुदनं त्यांच्या ओट्यावर पाण्यानं भरलेला प्रेशर कुकर पाहिला होता. शेवटचे ठोके राजेश्वरीचे. ते ऐकायला कुमुदचा कान सकाळी उठल्यापासून टवकारलेला असायचा. आज ते आले नाहीत आणि कधी येणारही नव्हते, आणि तिचा कान मात्र मूर्खासारखा वाट बघत बसला होता.

खरं तर कुमुद ही गोड बोलणाऱ्यातली बाई नव्हतीच. पोस्टात बचतखात्याच्या काउंटरवर ती बसायची, तिथं तिची ख्याती अशी की नवखा माणूसच तिच्या खिडकीला उभा राहायचा. सही चुकली तर ती माणसाला त्याच्या वडिलांच्या नावासकट झोडायची. हे तिनं माहेरून आणलं होतं. सांगलीत अण्णा, तिचे वडील, माधवनगरच्या गिरणीत नोकरीला. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्यांना हळू बोलणं माहीतच राहिलं नव्हतं, आणि त्यांच्याशी बोलायचं म्हणून सगळं घरच वरच्या पट्टीत. त्या घरात भांडण हे पानातल्या चटणीसारखं होतं. रोज थोडं, डावीकडे. आई आणि अण्णा वांग्यावरून भांडत, दादा आणि कुमुद सायकलवरून. अण्णांचा एकच नियम होता. भांडण असेल ते काढायचं, पूर्ण करायचं, मग पानावर बसायचं. पोटात ठेवून जेवलं तर अन्न आंबतं, असं ते म्हणत. आणि पाणी? पाण्याची तर तिथं गोष्टच नको. कृष्णामाई दाराशी. पाठीला भोपळे बांधून अण्णांनी तिला नदीत ढकललं होतं आणि ती नाकातोंडात पाणी जाऊन रडत वर आली तर काठावर उभे राहून ते मोठ्यानं हसत होते, "भांड तिच्याशी! हात मार!" पुराच्या साली पाणी न बोलावता घरात आलं होतं, देवघराच्या पायरीपर्यंत. अशा गावची मुलगी एका वाटीला महाग होईल असं कोणाच्या स्वप्नात होतं? पण शरच्चंद्रांना दृश्य हवं होतं. जागा बघायला आले तेव्हा ते इथं उभे राहून खालचा अख्खा सातारा बघत राहिले, आणि नळ किती इंची आहे हे विचारायचं राहून गेलं. "दृश्य पिऊन तहान भागवा आता," असं कुमुद पुढं कितीदा म्हणाली असेल!

आणि मग तो पहिला महिना. राजेश्वरीच्या कोंबड्यांनी कुमुदनं लावलेली मेथी उकरली होती. कुमुद तरातरा खाली गेली आणि सांगलीच्या हिशेबानं जेवढं बोलायचं तेवढं बोलून आली. जीव हलका झाला. दुसऱ्या दिवशी नळाला थेंब आला नाही. दुपारपर्यंत नाही. शरच्चंद्र दाढीचा साबण गालावर वाळवत बसले आणि म्हणाले, "कुमुद, अडला हरी गाढवाचे पाय धरी." त्या दिवशी तिनं आपली जीभ गुंडाळून ठेवून दिली, लग्नातला शालू ठेवतात तशी. सांगलीला गेली की येताना भडंगाच्या पुड्या यायला लागल्या, प्रत्येक घराला एक, राजेश्वरीला दोन. "किती छान दिसतंय हो हे लुगडं तुम्हाला!" "तुमच्या हाताला काय चव आहे हो!" आपलाच आवाज तिला परका वाटायचा, जिभेवर साखर आणि दातांत खडा. शरच्चंद्र थट्टा करायचे, की पाणी गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही, भडंगाच्या जोरावर चढतं. हसायला येत होतं तोवर तीही हसली. पुढं पुढं गोड बोलणं इतकं अंगवळणी पडलं की आपण करतोय ते तिला दिसेनासं झालं. राजेश्वरी भाकरी-कोरड्यास खायला बोलवायची, अपूर्वाच्या परीक्षेला नारळ ठेवायची, कुमुद आजारी पडली तर पाय चेपून द्यायची. मैत्रीणच म्हणायची ती, दुसरं काय? आणि आज मोरीत बसून, पाण्याचा हा धबधबा अंगावर घेत, कुमुदच्या मनात तो प्रश्न आला जो इतक्या वर्षांत आला नव्हता. आपण चांगल्या आहोत, की नळाला भिऊन चांगल्या होतो? उद्यापासून राजेश्वरीची गरज नाही. मग आपलं तिच्याशी काही उरतं का?

आधी तिला नुसती मजा वाटली. गरज सरो नि वैद्य मरो! आता बोलता येईल. कोंबड्यांबद्दल बोलता येईल, भिंतीवर टाकलेल्या गोधड्यांबद्दल बोलता येईल, फोनवर येणारं आपलं सगळं बोलणं कान देऊन ऐकणाऱ्या आणि पुढं आळीभर वाटणाऱ्या बाईबद्दल बोलता येईल. कुमुदकडे फोन यायच्या आधी सांगलीचे निरोप राजेश्वरीकडे यायचे. फोन म्हटल्यावर मात्र मजा थांबली. कुमुदनं नळ बंद केला. घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत ती गोष्ट वर आली, जी तिनं सगळ्यात खाली दडपली होती. चार वर्षांपूर्वीचा आषाढ. दादानं सकाळीच फोन केला होता. अण्णांचं काही खरं नाही, तुझं नाव घेताहेत, निघ. सकाळी! आणि राजेश्वरी वर आली ती दिवेलागणीला, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सांगलीचा फोन हुता, जावा." कुमुद पोस्टातून येऊन निवांत चहा पिऊन बसली होती. मिळेल त्या गाडीनं ती पोचली तेव्हा अण्णांची वाचा गेली होती. डोळेसुद्धा उघडले नाहीत. दादा म्हणाला, दुपारपर्यंत विचारत होते गं, कुमी आली का, कुमी आली का. तुला सकाळीच तर कळवलं होतं. जन्मभर जो माणूस ओरडून बोलला तो तिच्याशी एक अक्षर न बोलता गेला. दिवसकार्य करून ती परत आली त्या संध्याकाळी राजेश्वरी पिठलं-भाकरी घेऊन आली, आणि कुमुदला तिला विचारायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण तोंडातून काय निघालं? "तुम्ही किती करता हो आमच्यासाठी!" पाण्यासाठी! दोन कळशा पाण्यासाठी तिनं बापाचं मरण गिळलं. हे आज पहिल्यांदा तिनं स्वतःला इतकं स्पष्ट सांगितलं, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

ती उठली. कपडेसुद्धा बदलले नाहीत. "कुठं निघालीस?" शरच्चंद्रांनी डोकं पुसत विचारलं. "भांडायला," ती म्हणाली. ते हसले, कारण त्यांना ती थट्टा वाटली. दगडी पायऱ्या उतरताना तिला हात कसे रिकामे रिकामे वाटले. या पायऱ्या ती कधी काही न घेता उतरली नव्हती. पायऱ्यांवर ऊन आलं होतं, समोर सातारा नेहमीसारखा पसरला होता. वाटेत तिनं मनात वाक्यं जुळवली. पहिलं वाक्य थंड असावं, दुसरं धारदार. भांडायची सवय गेली होती; पाण्यात बरीच वर्षं न उतरलेल्या माणसाला वाटतं तसं वाटत होतं. राजेश्वरी अंगणात होती. नळाला रबरी पाइप लावून ती पायऱ्या, ओटा, तुळस, स्कूटर, दिसेल ते धूत होती, आणि सुभेदार बनियनवर खुर्चीत बसून ते दृश्य सलामी घेतल्यासारखं बघत होते. कुमुदला बघून राजेश्वरीचा चेहरा फुलला. "आवं बाई, बघितलं का! लय जोर हाय! माझा तर तांब्याच उडाला!"

"निरोप संध्याकाळी का दिलात?" कुमुद म्हणाली. थंड वाक्य, धारदार वाक्य, सगळं वाहून गेलं होतं. "अण्णांचा. दादानं सकाळी फोन केला होता. तुम्ही मला संध्याकाळी सांगितलंत. का?" राजेश्वरीच्या हातातल्या पाइपचं पाणी सुभेदारांच्या पायांवर पडायला लागलं आणि ते पाय वर घेऊन बसले. राजेश्वरीनं काही सारवासारव केली असती, पाहुणे, तब्येत, लाइन खराब, असलं काही, तर कुमुदचं काम सोपं झालं असतं. पण राजेश्वरी म्हणाली, "इसरले."

"विसरलात?"

"व्हय, इसरले. कुंडलचं पावणं आलं हुतं आमच्या पोराला, राजवर्धनला बघायला. पोळ्या लाटत हुते तवाच फोन आला. ह्यास्नी पोस्टात धाडते म्हनलं, आन् पावणं दारात. मंग इसरले. दिवा लावायला देवाम्होरं गेले तवा ध्यानात आलं. तशीच वर पळाले."

"आणि हे तुम्ही मला चार वर्षांत सांगितलं नाहीत!" कुमुदचा आवाज चढला. चढला म्हणजे थेट माधवनगरला जाऊन आला. "माझा बाप दुपारपर्यंत माझं नाव घेत होता! तुमच्या पोळ्यांपायी तो माझ्याशी न बोलता गेला! आणि मी इथं तुमच्या लुगड्यांचं कौतुक करत बसले!" खालच्या घरांतल्या खिडक्या उघडल्या. धोंडुबाई खराटा हातात घेऊन पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. कुमुदला त्यांची पर्वा नव्हती. ती बोलत होती. अण्णांबद्दल, मेथीबद्दल, गोधड्यांबद्दल, फोनबद्दल, पुन्हा अण्णांबद्दल. आसवं, राग आणि नळाचं पाणी, काय कुठलं ते कळत नव्हतं. आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की राजेश्वरी मान खाली घालून ऐकत नाहीये. ती कुमुदच्या तोंडाकडे टक लावून बघतेय, उपाशी माणूस ताटाकडे बघतो तशी.

"बोला," राजेश्वरी म्हणाली, "आनखी बोला." आणि मग तिचाही बांध फुटला. "आवं, चार वर्सं मी वाट बघत्या ह्या तुमच्या बोलन्याची! पिठलं घिऊन आले तवा म्हनलं, आता बाई माझ्या झिंज्या धरतील. धराव्यात. माझी चूकच तशी हुती. तर तुमी म्हनला, किती करता हो. माझ्या काळजात सुरी फिरली! म्हनलं, हिला ठावं न्हाई का ठावं असून दावंना? दुसऱ्या दिवशीपास्नं पयला नळ बंद करून तुमास्नी पानी सोडाय लागले. माझी अर्धी पिंपं रिकामी ऱ्हायची. हे वरडायचं. तरी सोडलं. का, तर बाई कायबी बोलत न्हाई, मंग म्या फेडू कशी? आन् तुमी भडंग आनून द्यायच्या! लय तिखट असतंय ते, मला सोसत न्हाई. सगळं ह्यांनीच खाल्लं."

सुभेदारांनी खुर्चीतून मान हलवून दुजोरा दिला.

कुमुद उभी होती ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली. तिला आठवलं, अण्णा गेल्यानंतर पाणी लवकर यायला लागलं होतं खरं. आपल्या गोड बोलण्याला शेवटी फळ आलं असं तिनं धरलं होतं, आणि तेव्हापासून राजेश्वरीला दोनऐवजी तीन पुड्या. ती पाण्यासाठी गिळत होती आणि ही चूक फेडायची म्हणून पाणी देत होती. दोघी शहाण्या! आणि पहिल्या महिन्यातलं ते? तिनं विचारलं, की मेथीवरून बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं पाणी तोडलं होतंत ना? राजेश्वरीनं कपाळाला हात लावला. "आवं, मी कशाला तोडू? त्या दिशी धोंडुबाईंच्या सुनेचं डोहाळजेवन हुतं, समद्या आळीला पानी न्हवतं. उलट म्हनलं, बरी दिसतीया वरची बाई, त्वांडावर बोलती. आपल्याला अशी मानसं आवडत्यात. आन् मंग तुमी जे गोड झाला ते झालाच." खालून धोंडुबाईंनी खराटा उंचावून ते खरं असल्याची ग्वाही दिली.

कुमुदला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता अण्णा आठवले आणि ती पुन्हा रडली, आणि राजेश्वरी जवळ आली पण तिनं पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. ती शेजारी बसली आणि आपल्या पदरानं स्वतःचेच डोळे पुसत राहिली. अण्णा परत येणार नव्हते. ती दुपार परत येणार नव्हती. हे दुखणं आहे तिथं राहणार, राजेश्वरी विसरली हे खरं राहणार, आणि त्यावर कुठलंही पिठलं, कुठलंही पाणी चालणार नव्हतं. पण ते आता पोटात नव्हतं. इथं अंगणात, उन्हात, सगळ्या आळीच्या समोर पडलं होतं आणि दोघी त्याच्याकडे बघत होत्या. कुमुदला फार भूक लागली. इतकी भूक तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

सुभेदार उठून आत गेले आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. कुमुद उभी राहिली, ओला पदर पिळला, चष्मा पुसला. राजेश्वरी तिच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत सरळ सरळ भीती होती. आता ही बाई पायऱ्या चढून जाईल, वर तिचा भरपूर वाहता नळ आहे, आणि खाली उतरायचं तिला काही कारण उरलेलं नाही. "मंग?" राजेश्वरीनं विचारलं. "झालं का समदं?"

"छे," कुमुद म्हणाली. "गोधड्यांचं कुठं झालं अजून? उद्या पोस्टातून आले की परत येते भांडायला."

"या की," राजेश्वरी म्हणाली. "न्हाई आला, तर मीच यीन वर."